चाळिसाव्या पानापर्यंत

कुसुम,

गेल्या रविवारी तुझ्या शोकसभेत मी खोटं बोलले.

सभा ग्रंथालयातच होती, तुझ्या त्या लांब टेबलापाशी. तुझा फोटो भिंतीला टेकवून ठेवला होता. ओळखपत्रावरच्या छोट्या फोटोवरून मोठा केलेला, त्यामुळे चेहरा पुसट झाला होता, तुझे डोळे तर कुणाही बाईचे वाटावेत असे. अध्यक्षांनी दोन शब्द बोलून माझ्याकडे पाहिलं. मी कार्यवाह, त्यातून मराठीची शिक्षिका, त्यातून तुझी बालमैत्रीण. बोलायचं मीच. मी म्हणाले, 'कुसुमताई म्हणजे शांतपणाची मूर्ती. इतक्या वर्षांत त्यांना कुणी रागावलेलं पाहिलं नाही. जे वाट्याला आलं ते त्यांनी हसतमुखानं सोसलं.' लोकांनी माना डोलावल्या. मलाही बोलताना बरं वाटत होतं. आवाज जिथे कापायला हवा तिथे कापत होता.

तेव्हा मागच्या बाकावरून तुझी आई उठली. तिला उठायला वेळ लागला. पुढच्या माणसाच्या खांद्याला धरून ती उभी राहिली आणि म्हणाली, "ओ बाई, माझी लेक लई रागीट हुती."

सगळ्या माना मागे वळल्या.

"ल्हानपनी राग आला की ताट सरकवून द्यायची. नवरा गेल्यावर दिरानं घराबाहेर काढाया बघितलं, तर अंगनात उभं करून सगळ्या गल्लीदेखत त्याला झाडला तिनं. शेवटाला तर भिंतीकडं तोंड करून पडायची, इतका राग हुता तिच्या पोटात. ती शांत बिंत काय न्हवती. तुमी दुसऱ्याच कुनाचं तरी बोलताय."

एवढं बोलून ती खाली बसली. अध्यक्षांनी घाईघाईनं सगळ्यांना दोन मिनिटं उभं केलं. त्या दोन मिनिटांत मी तुझ्या फोटोकडे पाहू शकले नाही. म्हातारीनं मला सर्वांसमक्ष पकडलं होतं आणि तिला स्वतःला ते ठाऊकही नव्हतं. कारण हेच खोटं मी एकदा छापलंही होतं, आणि तू ते मला तोंडावर सांगितलं होतंस.

म्हणून आता तुझ्याशीच बोलते.

पाचवीत आपण एका बाकावर आलो. शाळेत पुस्तकांचं एकच कपाट होतं, काचेच्या दारांचं, आणि किल्ली हेडमास्तरांच्या खिशात. मधल्या सुट्टीत तू काचेला नाक लावून पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचायचीस, आणि मग ओट्यावर बसून नुसत्या नावावरून मला गोष्ट सांगायचीस. पुढे कॉलेजात त्यातली एक-दोन पुस्तकं मी खरोखर वाचली आणि हिरमुसले. तू सांगितलेली गोष्ट जास्त चांगली होती.

संध्याकाळी तू आमच्याकडे यायचीस. माझी आई तुला चहा द्यायची आणि तुझा कप वेगळ्या कोनाड्यात पालथा घालून ठेवायची. तुला ते कळत नाही असं मला खूप वर्षं वाटत होतं. नोकरी लागल्यावर एकदा तू सहज म्हणालीस, "तुमच्या त्या कोनाड्यातल्या कपाला कान नव्हता बघ. बोटं भाजायची." मी विषय बदलला. तू बदलू दिलास.

तुझे मिस्टर कारखान्याच्या ट्रकवर होते. ते गेले तेव्हा प्रज्ञा दुसरीत होती. तू नगरला जाऊन ग्रंथपालनाचा कोर्स केलास, आणि राहात्याच्या ग्रंथालयात जागा निघाली तेव्हा मी समितीत तुझ्यासाठी शब्द टाकला. हे मी कधी तुला बोलून दाखवलं नाही. पण 'तिला मीच लावली' हे वाक्य मी इतरांपाशी इतक्या वेळा म्हटलं, की तुझ्या कानावर ते आलंच असणार.

बाजारतळाच्या कडेला त्या दोन खोल्या, आणि भिंतीला लागून पिठाची गिरणी. दिवसभर पुस्तकांवर पीठ बसायचं. तुझ्या आधीचे ग्रंथपाल त्या गिरणीच्या नावानं बोटं मोडायचे. तू पहिल्याच आठवड्यात पाहिलंस, की डबे घेऊन आलेल्या बाया दळण होईपर्यंत अर्धा अर्धा तास उन्हात नुसत्या उभ्या असतात. तू आतला एक बाक उचलून पायरीपाशी आणलास आणि त्यावर दहा-बारा पुस्तकं पसरून ठेवलीस. कुणाला वाच म्हणाली नाहीस. महिन्याभरात गिरणीवाला तक्रार घेऊन आला. "बाई, दळन हुतं, पन डबा न्यायला कुनी येतच न्हाई."

त्या बाकावरून तू जे शिकलीस ते मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. बायका पुस्तक उचलतात, मधेच कुठेतरी उघडतात आणि तिथे दोन माणसं बोलत असली तर थांबतात, नाहीतर ठेवून देतात. खालच्या फळीवरचं पुस्तक मरतं, कारण लुगडं सावरून कोण वाकणार. ज्या पुस्तकावर हळदीचं बोट उठलेलं असतं ते आधी जातं. आपल्यासारख्याच कुणीतरी ते चुलीपाशी वाचलंय, एवढी ग्वाही बाईला पुरते. कारखान्याच्या वजनकाट्यावरचे निवृत्त कारकून येऊन प्रत्येक पुस्तक 'विषय लई भारी हाय' म्हणून परत ठेवायचे. तू एक दिवस त्यांना मोठ्या टाइपातलं जाड पुस्तक दिलंस आणि ते चार दिवसांत वाचून आले. विषय त्याहून भारी होता. "त्यांना दिसत नव्हतं गं," तू म्हणालीस. "पुस्तक का नको याचं खरं कारण माणूस कधीच सांगत नाही. आपण ओळखायचं."

आणि बाइंडिंग. आपलं खरं भांडण तिथून सुरू झालं. समितीचा नियम होता, पुस्तक खिळखिळं झालं की बाइंडरकडे द्यायचं. तो मुखपृष्ठ फाडून टाकायचा, वर तपकिरी रेक्झिन चढवायचा आणि पाठीवर पांढऱ्या रंगानं नंबर घालायचा. असं होऊन आलेलं पुस्तक पुन्हा कुणी हातात घेत नाही, हे तू रजिस्टर काढून मला दाखवलंस. मग तू पुस्तकं पाठवायचीच बंद केलीस. घरी गव्हाची खळ करून आणायचीस, फाटलेली पानं पातळ कागदानं चिकटवायचीस, मुखपृष्ठ जपायचीस.

मी म्हणाले, "कुसुम, मुखपृष्ठ बघून वाचणारा तो कसला वाचक? चांगलं पुस्तक आपल्या वाचकाची वाट बघत थांबतं."

तू बोटाला लागलेली खळ पदराला पुसत म्हणालीस, "पुस्तक कसली वाट बघतंय? वाट वाळवी बघते."

मला तेव्हा हसू आलं. तुझा मुद्दा मात्र पटला नाही. मी तुझ्याशी त्या टेबलावर किती वाद घातले! मला वाटायचं, वाचकानं वर चढायला हवं. तुला वाटायचं, पुस्तकानं दार उघडं ठेवायला हवं. मी साहित्य म्हणायचे, तू 'कोण नेतंय?' विचारायचीस. त्या वादांत जो आनंद होता तो मला नवऱ्याशी, सहकाऱ्यांशी, कुणाशीच बोलताना मिळाला नाही. हे तुला सांगायला हवं होतं. त्या काळात सांगितलं असतं तर सहज सांगता आलं असतं.

मग माझी कादंबरी आली.

तिच्यातली शांता तू होतीस, हे तुला पहिल्याच वाचनात कळलं असणार. ट्रकवाल्याची विधवा, पदरात मुलगी, सासरचे छळतात, गाव दूर लोटतं आणि ती सगळ्यांना क्षमा करत जाते. नगरच्या एका समारंभात कुणीतरी तिला 'करुणेची पणती' म्हटलं आणि मी आठवडाभर तरंगत होते. तू काही बोलली नाहीस. कादंबरीच्या दोन प्रती घेतल्यास, त्यांना स्वतः कव्हरं घातलीस आणि दारातून आत येताच नजरेला पडेल अशा फळीवर उभ्या करून ठेवल्यास.

सहा-सात महिन्यांनी मी विचारलं, "जाते का गं माझी कादंबरी?"

"जाते," तू म्हणालीस.

"मग कुणी काही बोललं?"

तू जरा वेळ माझ्याकडे पाहिलंस. मग उठून एक प्रत आणलीस, बंद करून माझ्यासमोर आडवी धरलीस. "कडा बघ."

मला समजेना.

"पानांची कडा. हात लागतात तिथं मळते. बघ, कुठपर्यंत मळलीय."

पुस्तकाच्या सुरुवातीचा भाग करडा झाला होता, पीठ, घाम आणि तेलाच्या बोटांनी. मग एकदम पांढरीशुभ्र कडा. प्रेसमधून आली तशी. तू अंगठ्याच्या नखानं ती जागा उघडलीस. चाळिसावं पान. शांता एकेचाळिसाव्या पानावर येते.

"दुसऱ्या प्रतीचंही हेच," तू म्हणालीस. "पहिली चाळीस पानं लोकांनी आवडीनं वाचलीत, शैले. तुझी ती भांडकुदळ आत्या आहे ना त्यात, तिच्यावर बाया जीव टाकतात. मग ती मरते नि शांता येते."

"शांता आवडली नाही?"

"शांताला राग येत नाही. दीर मारतो, ती भांडी घासते. गाव हाकलतं, ती दिवा लावते. अगं, राग न येणारी बाई कोण वाचेल? तिचं पुढं काय होणार हे पहिल्याच पानाला कळतं. सोसणार." आणि मग, जरा थांबून, "नावसुद्धा शांता!"

मी म्हणाले, "तिच्या मोठेपणासाठी तसं लिहिलंय."

"कुणाच्या मोठेपणासाठी?" तू विचारलंस.

मी पर्स उचलून निघाले. पेरूंच्या गाड्या लागल्या होत्या, रस्ताभर पिकल्या पेरूंचा वास येत होता, आणि मी स्वतःशी बडबडत चालले होते. तुला साहित्यातलं काय कळतं, तू पुस्तकांची नोंद करणारी, तुला मी लावली. हे शेवटचं वाक्य मी त्या दिवशी तुझ्याबद्दल पहिल्यांदा रागानं म्हटलं. रागानं म्हटल्यावर त्याचा खरा अर्थ माझा मलाच ऐकू आला, तरी मी ते मागे घेतलं नाही.

तरी आपलं बोलणं तुटलं नव्हतं. दिवाळीनंतर कारखाना सुरू झाला, ऊसतोडीच्या टोळ्या आल्या, कॅनॉलच्या पलीकडे त्यांच्या पाचटाच्या झोपड्या, कोप्या, उभ्या राहिल्या. तू एका दुपारी शाळेत आलीस. स्टाफरूमच्या दारात उभी राहूनच म्हणालीस, "शैला, कोप्यांवर एक पाथर्डीकडची सून आहे, सातवी शिकलेली. संध्याकाळी बाकीच्या बायांना वाचून दाखवीन म्हणते. थोडी पुस्तकं तिकडं नेते. त्या सभासद होऊ शकत नाहीत, त्यांना इथला पत्ता नाही. नेऊ ना?"

मी वह्या तपासत होते. वर न पाहता म्हणाले, "ने की. मी आहे."

हे दोन शब्द, कुसुम. 'मी आहे.'

तू हिवाळाभर सायकलवर पिशवी अडकवून जात राहिलीस. आल्यावर मला सगळं सांगायचीस. त्या बायांना निसर्गवर्णन नको असतं, सूर्य उगवायच्या आधी त्या फडात असतात. त्यांना जेवणाचं वर्णन आवडतं, मोडलेलं लग्न आवडतं, सासूला चोख उत्तर देणारी सून तर दोन-दोनदा वाचून घेतात. 'पुढं काय झालं?' एवढाच त्यांचा प्रश्न. तो प्रश्न पडला की दिवसभर मोळ्या वाहिलेली बाई जागी राहते. नाही पडला तर बसल्या जागी डोळे मिटते.

माझी कादंबरीही तू तिकडे नेली होतीस. तिथे काय झालं ते मीच खोदून विचारलं, तू टाळत होतीस. आत्याच्या भांडणांना कोपीत हसू मावत नव्हतं म्हणे. मग शांता आली आणि एक बाई म्हणाली, "ही खोटी हाय. आमच्यात अशी कुनीच न्हाई. मिटव ती."

तू हे सांगितलंस तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर कुचेष्टा नव्हती. मला मदत करायची होती तुला. मला मात्र दिसलं ते एवढंच, की माझं पुस्तक ऊसतोडीच्या कोपीत मिटवलं गेलं, आणि ते तिथवर तू नेलंस.

मार्चअखेर पट्टा पडला. कारखाना थांबला, टोळ्या ट्रकमध्ये बसून एका सकाळी निघून गेल्या. ती सून पुस्तकं बांधून ठेवते म्हणाली होती. तू गेलीस तेव्हा कोप्यांच्या जागी राख आणि पाचट होतं. पुस्तकं त्यांच्याबरोबर गेली होती. ग्रंथालयाची सरकारी तपासणी तोंडावर आली होती, समितीनं साठा मोजला आणि तुला बोलावलं.

त्या बैठकीत आपण सात जण होतो. अध्यक्षांनी विचारलं, "सभासद नसलेल्या लोकांना पुस्तकं कुणाच्या परवानगीनं दिली?"

तू माझ्याकडे पाहिलंस. फार वेळ नाही. एक श्वास.

मी समोरच्या रजिस्टरचं पान उलटलं.

"माझ्या जबाबदारीवर दिली," तू म्हणालीस.

मग एक सदस्य बोलले, की स्वतःच्या समाजाच्या लोकांना फुकट वाटायला हे काही समाजमंदिर नव्हे. कोप्यांवरच्या त्या बाया वंजारी होत्या, तुझ्या समाजाच्या नव्हत्या, हे तिथे मला माहीत होतं. मी तेही बोलले नाही. तू ताडकन उठलीस. तुझी खुर्ची मागे पडली. "पुस्तकं वाचली गेली म्हणून माझी चौकशी करताय," तू म्हणालीस. "कपाटात सडली असती तर केली असती का?" आणि निघून गेलीस. तुला ग्रंथपाल पदावरून कमी करण्याचा ठराव कार्यवाह म्हणून मी लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे. सही केली.

शिस्तीसाठी केली असं मी वर्षभर स्वतःला सांगत आले. आज सांगते, ती सही शिस्तीसाठी नव्हती. ती एकेचाळिसाव्या पानासाठी होती.

त्यानंतर तू घरी बसून शिवणकाम करायचीस असं कानावर यायचं. बाजारात एकदा समोरासमोर आलो. तू मेथीची जुडी निवडत होतीस. मला पाहून तू जुडी ठेवलीस आणि मला वाटलं, तू बोलायला येते आहेस. मी घड्याळ पाहिलं आणि वळले. तू खरोखर येत होतीस का, हे आता मला कधीच कळणार नाही.

मग कळलं, पोटात गाठ आहे, नगरला दवाखान्यात ठेवलंय. लोक म्हणायचे, नोकरी गेली त्या धसक्यानं झालं. कुणीतरी सांगितलं, डॉक्टर म्हणाले गाठ बरीच जुनी आहे. त्या वाक्याला मी किती घट्ट धरून बसले ते काय सांगू. माणूस मरायला टेकलेलं असताना मी माझ्या सुटकेचा कागद शोधत होते.

एकदाच आले तुला भेटायला. मोसंबी घेऊन. तू इतकी लहान दिसत होतीस की आधी मी दुसऱ्याच खाटेपाशी गेले. प्रज्ञा माझ्याकडे न बघता पाणी आणायला बाहेर गेली.

"दहावीचे पेपर आले असतील तुझ्याकडे," तू म्हणालीस.

"दोन गठ्ठे राहिलेत."

शेजारच्या खाटेवरची बाई कण्हत होती. मग तू छताकडे बघत म्हणालीस, "त्या दिवशी मी तुझं नाव घेतलं नाही, ते तुला वाचवायला नाही हं."

मी मोसंबीची पिशवी खाटेखाली सरकवली.

"मला बघायचं होतं, तू बोलतेस का."

मी तुझ्या चादरीची सुरकुती सारखी करू लागले.

"तू पान उलटलंस," तू म्हणालीस. तुझ्या आवाजात आता जोरही उरला नव्हता, पण राग होता. पुरा, जागा असलेला राग. "लई राग आला, शैले. अजून हाय. मरताना माणूस माफ करतं म्हणतात. मला न्हाई जमत. तू तसलं काही लिहू नको."

मला तुझ्या पायांवर डोकं ठेवायचं होतं. मला म्हणायचं होतं, कुसुम, चूक झाली, मी उद्या सगळ्यांना सांगते. एवढं सोपं मराठी आहे ते. पंचवीस वर्षं मी मुलींना वाक्यरचना शिकवते. पण माझ्या तोंडून आलं, "रविवारी येते." तू डोळे मिटून घेतलेस.

रविवारी मी पेपर तपासले. मंगळवारी सकाळी शाळेच्या फोनवर निरोप आला.

तुझ्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला तेव्हा मी मागे, दाराजवळ बसले होते. वंदना चालू होती. पांढऱ्या साड्यांमधल्या कितीतरी बाया मी कधी ना कधी गिरणीपाशी पाहिल्या होत्या. माझ्याशी कुणी वाईट वागलं नाही. जागा करून दिली, पाणी दिलं. आणि एवढं होऊनही रविवारच्या सभेत मी उभी राहिले आणि तुला पुन्हा शांता केलं. तू नको म्हणाली होतीस ते, जसंच्या तसं.

सोमवारी मी अध्यक्षांच्या घरी गेले. सांगितलं, परवानगी मी दिली होती, ठराव चुकीचा झाला, तो मागे घ्या. ते झोपाळ्यावर बसले होते. झोपाळा थांबवून म्हणाले, "बाई, गेलेल्या माणसाचा ठराव मागं घेऊन काय साधायचं? इतिवृत्तावर सह्या झाल्यात. तुमचं मन मोकळं झालं ना? बास मग." आणि बाइंडरचा टेम्पो कधी बोलवायचा ते विचारू लागले.

माझं मन मोकळं झालं नव्हतं. मंगळवारी शाळा सुटल्यावर मी तुझ्या घरी गेले. तुझी आई झोपली होती. प्रज्ञानं दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहूनच मी तिला सगळं सांगितलं. स्टाफरूम, वह्या, 'मी आहे', रजिस्टर. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"मावशी, हे मला माहीत आहे," ती म्हणाली. "आईनं त्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्ही मला नवीन काय सांगताय?"

मी म्हणाले, "मला तिला सांगायचं होतं."

"मग तिला सांगायचं."

तिचं कपाळ तुझंच आहे. राग आला की मधोमध एक उभी आठी पडते. मी निघायला वळले तेव्हा ती म्हणाली, "आईचा जुना चष्मा तिथं ग्रंथालयात ड्रॉवरमध्ये राहिलाय. सोनेरी काडीचा. मी दोनदा गेले. म्हणतात, समितीला विचारल्याशिवाय देता येत नाही. तुम्ही समितीत आहात ना?"

काल सकाळी ग्रंथालय उघडायच्या वेळेला मी तिथे होते. पायरीपाशी बाक नव्हता. नवीन ग्रंथपाल चांगला मुलगा आहे, नम्र आहे. म्हणाला, "बाई, ड्रॉवरमधल्या वस्तूंची यादी झालीय. ठराव लागेल." मी त्याच्या हातून किल्ली घेतली. ड्रॉवरमध्ये शिक्क्याचं पॅड, दोऱ्याचं रीळ, वाळलेल्या खळीची वाटी आणि चष्मा होता. एका काचेवर पीठ साचलं होतं. मी चष्मा पर्समध्ये ठेवला.

"नोंद काय करू?" त्यानं विचारलं. बिचारा घाबरला होता.

"लिहा," मी म्हणाले. "कार्यवाहांनी समितीच्या परवानगीशिवाय नेला." आणि खाली माझं पूर्ण नाव लिहून सही केली. त्या सहीनं तुझं काही परत येत नाही, हे मला कळतं, कुसुम. मला फक्त माझं नाव लिहायचं होतं.

तिथून तडक तुझ्या घरी गेले. प्रज्ञा कॉलेजला निघाली होती, दप्तर खांद्याला होतं. तिनं माझ्या हातून चष्मा घेतला, ओढणीच्या टोकानं दोन्ही काचा पुसल्या, उजेडाकडे धरून पाहिल्या, पुन्हा पुसल्या. तोवर मी उभीच होते. मग ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.